क्रीडन्सच्या दोन भावांबद्दल

परवा पुन्हा कुणाच्या तरी पोस्टमध्ये वाचलं की क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल हा अमेरिकन रॉक बँड त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने संपवला, सगळा दोष कंपनीच्या मालकाचा, त्या सॉल झेंट्झचा. मला हे पटत नाही. मी हा बँड थोरल्या भावाच्या कॅसेटवर ऐकत मोठा झालो, त्यामुळे ह्या विषयावर गप्प बसवत नाही.

कॅलिफोर्नियातलं एल सेरिटो. जॉन फोगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड ही शाळेतली तीन पोरं आणि जॉनचा साडेतीन वर्षांनी मोठा भाऊ टॉम. आणि सुरुवातीला गाणारा टॉम होता! धाकट्याचा आवाज काय चीज आहे हे कळल्यावर मोठ्याने माइक सोडला आणि रिदम गिटार घेऊन बाजूला उभा राहिला. हे किती जणांना जमतं सांगा, आपल्याकडे बांधावरची एक फूट जागा कुणी भावाला सोडत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 1969 या एका वर्षात तीन अल्बम. वुडस्टॉकचा तो गाजलेला संगीत महोत्सव. पाच सिंगल्स बिलबोर्डच्या अमेरिकन गाण्यांच्या यादीत दोन नंबरपर्यंत गेली, एक नंबर कधीच नाही. लिहिणं, चाल, अरेंजमेंट, प्रोडक्शन, शेवटी मॅनेजमेंटसुद्धा, सगळं जॉनच्या हातात. जॉनचं काम अफाट होतं, त्याबद्दल वादच नाही, पण ज्या भावाने माइक दिला त्याला एकही गाणं गायला मिळू नये? एक? टॉम 1971 च्या सुरुवातीला बाहेर पडला. 'हॅव यू एव्हर सीन द रेन' त्याच काळातलं, उन्हात पडणारा तो पाऊस म्हणजे बँडच मोडत होता, हे जॉनने स्वतः सांगितलंय. मग 'मार्डी ग्रा' हा अल्बम, त्यात उरलेल्या तिघांनी गाणी वाटून घेतली, जॉन म्हणतो स्टू आणि डगनेच मागितलं होतं, ते दोघं म्हणतात जॉनने आमच्यावर लादलं, आणि ऑक्टोबर 1972 ला खेळ खल्लास.

झेंट्झ साधा माणूस होता असं मी म्हणत नाहीये. जुना करार इतका वाईट होता की सुटण्यासाठी जॉनला स्वतःच्या गाण्यांची रॉयल्टी सोडावी लागली, आणि पुढे त्याच्यावर केस काय, तर तुझं नवं गाणं तुझ्याच जुन्या गाण्यासारखं वाटतं! 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात जॉन गिटार घेऊन साक्षीला बसला, गाणी कशी बनतात ते ज्युरीला वाजवून दाखवलं आणि जिंकला. तो प्रसंग वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण ह्या सगळ्या भांडणात टॉम झेंट्झच्या बाजूने उभा राहिला. खरी जखम ती. 1980 मध्ये टॉमच्या लग्नात चौघांनी एकत्र वाजवलं होतं, म्हणजे दार अगदी बंद नव्हतं. नंतर पाठीच्या ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एड्स झाला आणि सप्टेंबर 1990 मध्ये तो गेला, 48 वर्षांचा. मनातलं मिटलं नाही ते नाहीच.

आणि 1993 चा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा कार्यक्रम, जिथे बँडचा सन्मान होता. टॉमची बायको त्याच्या अस्थी घेऊन आली होती, तिला वाटलं आज तरी बँड एकत्र वाजवेल. जॉनने स्टू आणि डगबरोबर वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि रॉबी रॉबर्टसन ह्या बाहेरच्या रॉक कलाकारांना घेऊन तीच गाणी वाजवली. जॉन माझा सगळ्यात आवडता गायक आहे तरी सांगतो, हे चूक होतं. ज्या दोघांनी त्या गाण्यांना ड्रम्स आणि बास दिला ते तिथेच बसलेले होते हो! स्टू आणि डग उठून निघून गेले, मी असतो तर मीही गेलो असतो.

2023 मध्ये जॉनला आपल्या गाण्यांचे बहुतांश हक्क परत मिळाले, वयाच्या 77 व्या वर्षी. मला खरंच खूप आनंद झाला. 2025 मध्ये त्याने जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली, सोबत त्याची मुलं. टॉमचा पुतण्या शेन त्यात गिटार वाजवतो. आवाज अजून दणदणीत आहे, रेकॉर्डिंग तर पहिल्यापेक्षा स्वच्छ. दोनदा ऐकलं. मग 'ग्रीन रिव्हर' अल्बम काढला, जुनाच, आणि हेडफोन लावून फक्त ती मागची टॉमची रिदम गिटार ऐकत बसलो.