‘किरकोळ’ हा शब्द मागे घेतो : घसा, नळी आणि ज्येष्ठमध

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमच्या आई सदाशिव पेठेत गाणं शिकवतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले, तरी आवाज बसलेलाच आहे. आणि मी आधीच्या लेखात लिहिलं होतं, ‘भूल देताना श्वासनलिकेत घालतात त्या नळीमुळे दोन-चार दिवस घसा दुखतो, किरकोळ आहे, आधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या करा.’ त्यावर तुम्ही विचारलंत, भूलतज्ज्ञ असून आजीबाईचा बटवा काय सांगता? आणि काळजी घ्यायची तीही पेशंटनेच का?

‘किरकोळ’ हा शब्द मी मागे घेतो. बहुतेकांचा घसा खरोखरच दोन-चार दिवसांत बरा होतो, पण जिचा दिवस षड्ज लावून सुरू होतो तिच्यासमोर हा शब्द वापरायला नको होता.

दुसरा आक्षेपही मान्य. घसा जपणं हे आधी आमचं काम आहे, आणि ते मी लेखात सांगायलाच हवं होतं. श्वासनलिकेत नळी घातली की तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा हवेने फुगवतात. आम्ही त्याला ‘कफ’ म्हणतो. (नातेवाइकांपुढे हा शब्द मी टाळतो, कारण त्यांना छातीतला कफ वाटतो.) या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असावा. त्याच्या वर गेला की श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिथे सूज येते, ते सोलवटतं. पुष्कळ ठिकाणी हा दाब, कफला जोडलेला तोंडाबाहेरचा दुसरा छोटा फुगा बोटांनी चाचपून ठरवतात. बोटांना तो नीट कळत नाही. त्यासाठी साधं दाबमापक मिळतं, ते वापरलं पाहिजे. भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड देत असतील तर तो वायू फुग्यात शिरत राहतो, म्हणून दाब अधूनमधून पुन्हा बघावा लागतो. नळीही गरजेपेक्षा जाड नको. बाईमाणसाला सात नंबरची पुरते, पुष्कळदा साडेसहाचीही. आणि नळीला लिग्नोकेनची (बधिर करणारी) जेली चोपडली की घसा वाचतो, ही जुनी समजूत सोडून द्यायला हवी. तिने फायदा दिसत नाही, उलट त्रास वाढल्याचंही आढळलंय.

ज्येष्ठमधाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी २००९ मध्ये अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध ३० मिलिलिटर पाण्यात घालून, भूल देण्याच्या पाच मिनिटं आधी गुळण्या करायला लावल्या आणि घसादुखी कमी झाली. २०१३ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी २३६ रुग्णांवर तेच तपासलं, तेही छातीच्या ऑपरेशनला लागणारी जाड, दुहेरी नळी घालून. तुलनेला साखरेचं पाणी होतं. तिथेही फरक ठळक दिसला. मंडईजवळ काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. फक्त गुळणी थुंकायची, गिळायची नाही, कारण पोट रिकामं हवं. आणि भूलतज्ज्ञांना विचारूनच करायची.

पेशंटने करायचं ते एवढंच : ऑपरेशनच्या आधी भेटायला येणाऱ्या भूलतज्ज्ञांना ‘मी गाते’ किंवा ‘मी शाळेत शिकवते’ असं सांगायचं. मग आम्ही बारीक नळी निवडतो, शक्य असेल तिथे नळीऐवजी घशात, स्वरयंत्राच्या वरच बसणारा मास्क वापरतो. तुमच्या आईंना हे कुणी विचारलंच नाही, असं तुम्ही लिहिलंत. ती चूक आमच्या बाजूची आहे.

आता आईंचं. तीन आठवड्यांनंतर गुळण्या आणि हळदीचं दूध पुरणार नाही. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. स्वरतंतू नीट हलतात का, त्यांवर गाठ आली आहे का, स्वरयंत्राचा लहानसा सांधा सरकलाय का, हे बघायला हवं, आणि सांधा सरकला असेल तर उशीर महागात पडतो. श्वास घ्यायला त्रास, ताप, मानेला सूज किंवा थुंकी गिळता न येणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. तोवर रियाज बंद, कुजबुजणंही बंद. त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. आणि हॉस्पिटलकडून भुलीच्या नोंदीची प्रत मागून घ्या. कोणत्या नंबरची नळी घातली आणि किती प्रयत्नांत बसली, ते त्या कागदावर असतं.