मावशींच्या वाटीतले पिवळसर दाणे

आज सकाळी शेजारच्या गल्लीतल्या मावशी ओट्यावर सूप घेऊन रेशनचा तांदूळ निवडत बसल्या होत्या. खडे नव्हते त्यात. त्या एकेक दाणा वेचून बाजूच्या स्टीलच्या वाटीत टाकत होत्या आणि वाटी पाव भरत आली होती. जरा पिवळसर, गुळगुळीत, सगळे एका मापाचे दाणे. काय काढताय, असं विचारलं तर म्हणाल्या, "प्लास्टिक. पोरानं मोबाइलवर दाखवलं. रेशनच्या तांदळात घालतात म्हणे आता." मागे दारात त्यांची नववीतली लेक उभी होती. पांढुरका चेहरा, सकाळी साडेनऊलाच दमलेली. तिला शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, आणि ती न चुकता घेतली की नाही हे मावशी स्वतः विचारतात.

एका हातानं गोळी द्यायची आणि दुसऱ्या हातानं तेच लोह वेचून फेकायचं. सकाळपासून डोक्यातून जात नाहीये हे, म्हणून लिहितेय.

ते दाणे प्लास्टिक नाहीत. तांदूळच आहेत, फक्त यंत्रातून घडवलेले. भरडाईत निघालेली कणी दळून तिचं पीठ करतात. त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ यांचं मोजून केलेलं मिश्रण घालतात, पाणी घालून मळतात आणि एक्सट्रूडर नावाच्या यंत्रातून गरम दाबानं ढकलतात. शेवयांचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा, तसंच. फक्त साच्याचं भोक तांदळाच्या आकाराचं असतं आणि तोंडाशी फिरणारं पातं दाण्याएवढे तुकडे पाडत जातं. मग ते वाळवतात. हे दाणे राईस मिलमध्ये साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात, आणि अशा तांदळाला पोषणयुक्त (फोर्टिफाइड) तांदूळ म्हणतात. क्विंटलला एक किलो, पन्नास किलोच्या कट्ट्यात अर्धा किलो, पाच किलोत पन्नास ग्रॅम.

म्हणजे मावशींनी पाच किलोतून जी पाव वाटी वेचली, त्यात वरून घातलेलं सगळंच्या सगळं आलं. सुपात उरला तो नुसता पॉलिश केलेला तांदूळ.

आता ते वेगळे का दिसतात. खऱ्या दाण्याला एका टोकाशी बारीक खाच असते, तिथला कोंब भरडताना निघून जातो. घडवलेल्या दाण्याला ती खाच नसते, दोन्ही टोकं सारखी गोल. शेतातल्या तांदळात एक दाणा लांब, एक आखूड, एखादा पोटात पांढरा असतो. हे सगळे जुळे भाऊ. पिवळसर झाक येते ती आत मिसळलेल्या मिश्रणामुळे आणि गरम दाबामुळे. लोहाचा जो प्रकार वापरतात, फेरिक पायरोफॉस्फेट, तो मुद्दाम फिकट रंगाचा आणि बेचव निवडलेला आहे. दुसरे काही प्रकार अंगाला जास्त लागतात, पण भात काळपट करतात आणि तोंडाला गंजाची चव आणतात. तसा भात कोण खाईल?

"पाण्यावर तरंगतो म्हणजे प्लास्टिक", हे व्हिडिओतलं सगळ्यात लाडकं वाक्य. पीठ दाबून वाळवलं की आत बारीक बारीक हवेची छिद्रं राहतात, म्हणून त्यातले काही दाणे तरंगतात. किडका, पोकळ तांदूळ पण तरंगतोच की. "जाळला तर जळतो." पिष्ट (स्टार्च) आहे, जळणारच, तव्यावर भाकरी नाही का जळत? "भाताचा गोळा आपटला तर उसळतो." कुठलाही चिकट, जरा गार झालेला भात घट्ट वळून आपटा, उसळेल. हे सगळं घरच्या घरी पाच मिनिटांत करून बघता येतं. आणि तरीही शिकलेले, नोकरीधंद्यातले लोक ते व्हिडिओ पुढे ढकलतात. मला तो व्हिडिओ तीन ग्रुपमधून आला. तिन्ही ग्रुपमध्ये पदवीधर आहेत. खाली "काळजी घ्या" आणि हात जोडलेले.

कसली काळजी? प्लास्टिकचा कच्चा माल किलोला तांदळापेक्षा महाग पडतो. फुकट वाटायच्या तांदळात महाग माल घालून कोण काय कमावणार, एवढा तरी हिशोब करायचा की नाही?

बरं, घरी तपासायचं असेल तर हे करा. जखमेवर लावायचं बेटाडीन घरात असतंच. चमचाभर पाण्यात दोन थेंब टाका, फिक्या चहासारखा रंग यायला हवा. संशयाचे चार दाणे आणि साध्या तांदळाचे चार दाणे वेगवेगळे कुटून, दोन बशांत गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. पाणी गार झालं की प्रत्येकावर एकेक थेंब. दोन्हीकडे निळा-काळा डाग पडेल, कारण दोन्हीकडे पिष्ट आहे. प्लास्टिकवर थेंब तपकिरीच राहतो. गरम पाण्यातच थेंब टाकू नका, रंग नीट उठत नाही आणि मग उगाच संशय वाढतो. दुसरी परीक्षा गॅसवर. चिमट्यात दाणा धरा. तांदूळ तपकिरी होऊन काळा कोळसा होतो आणि करपलेल्या भाकरीचा वास येतो. प्लास्टिक वितळतं, तार सुटते, थेंब गळतो आणि वास नाकात झोंबतो. ही परीक्षा मुलांना एकट्यानं करू देऊ नका.

मावशींना मी हे सगळं धडाधड सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा दाणा वेचला.

तेव्हा राग आला. आता लिहिताना येत नाहीये. त्यांच्या जागी बसून बघितलं की कळतं. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की 2024 पर्यंत सरकारी योजनांमधला सगळा तांदूळ असा पोषणयुक्त करायचा. त्याआधी काही राज्यांत एकेका जिल्ह्यात चाचणी झाली, आपल्याकडे गडचिरोलीत. मग अंगणवाडी, शाळेतलं जेवण, मग रेशन. एवढं मोठं काम, आणि ज्या बाईच्या सुपात ते दाणे पडणार तिला दुकानात कोणी एक वाक्य सांगितलं नाही. कट्ट्यावर पोषणयुक्त असल्याचं निळं +एफ चिन्ह असतं, पण मावशींना कट्टा दिसतो कुठे? दुकानदार वजन करून पिशवीत ओततो. तिला दिसतात फक्त अनोळखी दाणे. घरातल्या धान्यात अनोळखी दाणा दिसला तर तो वेचायचा, हे तिच्या आईनं, आजीनं शिकवलंय. ती तिचं काम चोख करतेय! दुकानाच्या फळीवर एका बरणीत हे दाणे आणि खाली दोन ओळी ठेवल्या असत्या तरी पुरलं असतं. एक बरणी. जिथे सरकार आपणहून बोललं नाही तिथे मोबाइल बोलला.

अडाणी लोक विज्ञानाला घाबरतात, हे वाक्य म्हणून मला अजिबात पटत नाही. संशय घेणं बरोबरच आहे. फक्त तो घ्यायच्या जागा वेगळ्या आहेत, आणि तिथे कोणीच घेत नाही.

पहिली जागा, मिसळणं. मिलमध्ये तांदूळ पट्ट्यावरून वाहत असतो आणि बाजूच्या फीडरमधून हे दाणे ठरावीक वेगानं पडतात. तासाला दोन टन तांदूळ निघत असेल तर तासाला वीस किलो दाणे पडायला हवेत. तांदळाचा वेग कमीजास्त झाला आणि फीडर तसाच राहिला की प्रमाण बिघडलं. फीडरची टाकी रिकामी झाली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढचे चाळीस कट्टे नुसतेच जातात, चिन्ह मात्र छापलेलं. तपासायची रीत साधी आहे. शंभर ग्रॅम तांदूळ घ्या, हे दाणे वेचा, तोला. एक ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत, म्हणजे साधारण पन्नास दाणे. रेशनच्या पिशवीत दहाच निघाले किंवा दोनशे निघाले, तर दुकानदाराला विचारा, तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी द्या. ही तक्रार खरी आहे.

दुसरी जागा, दाण्याचा दर्जा. नीट घडवलेला दाणा धुताना टिकतो आणि भातात बाकीच्यांसारखाच शिजतो. कच्चा राहिलेला किंवा घाईत वाळवलेला दाणा पाण्यात पडला की फुटतो, पाणी दुधासारखं होतं आणि सगळं मोरीत जातं. वाटीत दहा दाणे अर्धा तास भिजवून बघा. पिठाचा लगदा झाला तर माल चांगला नाही. साठवण ही तिसरी जागा. लोह कुठे जात नाही, पण ओल आणि उष्णता यांनी जीवनसत्त्वं कमी होत जातात, आणि आपल्याकडच्या गोदामांत कट्टे किती पावसाळे काढतात ते वेगळं सांगायला नको.

मान्य करायच्या गोष्टी पण आहेत, करते. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असलेल्यांसाठी लोह घातलेल्या अन्नाबाबतचा इशारा आधी नियमातच होता. विदर्भातल्या आदिवासी भागात सिकलसेल किती आहे हे माहीत असताना तो इशारा सुट्ट्या तांदळासोबत लोकांपर्यंत कसा पोचणार होता? नंतर तज्ज्ञांच्या समितीनं धोका नाही म्हटलं. तरी ज्या घरात असा पेशंट आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं, त्यात कमीपणा नाही. नुसत्या तांदळानं रक्तक्षय किती हटतो यावर जाणकारांतच मतभेद आहेत, हेही खरं. आणि कमी पॉलिशचा तांदूळ, नाचणी, पालेभाजी, अंडी दिली तर अशा दाण्यांची गरजच काय, असं म्हणणारे चूक नाहीत. पण ते रोज त्या घराच्या ताटात येईल तेव्हा. आज ताटात रेशनचा भात आहे.

आणि गरज केवढी आहे! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांना. शेजारच्या चार घरांत मोजा, सापडतील.

नियमाप्रमाणे किलोभर पोषणयुक्त तांदळात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असायला हवं. दिवसाला दोनशे ग्रॅम तांदूळ पोटात गेला तर साडेपाच ते साडेआठ मिलिग्रॅम. बाईमाणसाची रोजची शिफारस 29 मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाचव्या हिश्शापासून ते पावाच्या थोडं वर. फार नाही. अंगाला तर त्यातलं थोडंच लागतं. पण ते रोज, फुकट आणि वेगळं काही न करता मिळतं.

ते अंगाला लागावं म्हणून एवढं करा. तांदूळ एकदोनदाच हलक्या हातानं धुवा, चोळून चोळून पाच पाण्यांतून काढू नका. धुताना वर आलेले दाणे पाण्याबरोबर ओतून देऊ नका, तेच तर हवेत. तासन्‌तास भिजवू नका. पाणी बेताचं घाला, म्हणजे निथळावं लागणार नाही, आणि पेज काढलीच तर प्या. वरणभातावर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. जेवून उठल्याउठल्या चहा नको, तासभर थांबा. डब्याचं झाकण घट्ट लावा, आणि डबा गॅसशेजारी ठेवू नका.

ज्यांनी तो व्हिडिओ फॉरवर्ड केलाय त्यांनी आजच त्याच ग्रुपमध्ये चूक झाली म्हणून लिहा. नुसता डिलीट करून भागणार नाही. तो आता त्या पोराच्या मोबाइलमध्ये आहे, आणि पोरावर मावशींचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, असणारच.

मघाशी परत त्या गल्लीतून आले. सूप भिंतीला टांगलेलं होतं. वाटी मात्र ओट्याच्या कोपऱ्यात तशीच होती, वर बशी झाकलेली. टाकायला हात धजावला नसेल, धान्यच ते. उद्या बेटाडीनची बाटली आणि दोन बशा घेऊन जाते. थेंब लेकीच्या हातून टाकून घेईन.