कुत्र्याच्या छत्र्या आणि मेरी बॅनिंग

अमेरिकेतल्या अल्बनीच्या न्यूयॉर्क स्टेट म्युझियममध्ये मेरी बॅनिंगच्या अळंब्यांच्या चित्रांचं प्रदर्शन पाहून आले, त्याला बरेच दिवस झाले. अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

ही बाई १८२२ साली मेरीलँडमध्ये जन्मली. वडील गेल्यावर आजारी आई आणि बहीण, दोघींचं तिलाच बघावं लागलं. कुठली पदवी नाही, कुणी शिकवणारं नाही. मायक्रोस्कोप घेतला, पुस्तकं जमवली आणि रानोमाळ हिंडून अळंब्या गोळा केल्या. लोक तिला वेडी समजायचे. तिकडे अळंबीला बेडकाचं आसन म्हणत, आपण कुत्र्याची छत्री म्हणतो. हिणवायची तऱ्हा सगळीकडे सारखीच.

एका चित्रापुढे मी खूप वेळ उभी राहिले. छत्रीचा रंग मधोमध गडद आणि कडेकडे विरळ होत गेलेला. शेजारी तीच अळंबी उभी चिरून काढलेली, म्हणजे देठ भरीव की पोकळ आणि छत्रीखालचे पापुद्रे देठाला कुठे चिकटतात, ते कळावं. फूल दाबून वाळवलं तरी ओळखू येतं. अळंबी वाळली की सुरकुतते, काळवंडते, रंग-रूप दोन्ही जातं. म्हणून ताजी असतानाच रंगवणं भाग होतं. ते मोजमापाचंच काम होतं, फक्त कुंचल्याने केलेलं.

आणि इथेच मला खटकलं. माझ्या आसपासची माणसं ‘किती सुंदर!’ म्हणत पुढे सरकत होती. सुंदर आहेतच हो! पण तिला ‘उपेक्षित चित्रकर्ती’ म्हणून गौरवणं मला पटत नाही. विज्ञानाला तोवर माहीत नसलेल्या २३ जातींचं वर्णन तिने केलं. ती शास्त्रज्ञ होती. तेच पहिल्या ओळीत यायला हवं, चित्रांचं कौतुक त्यानंतर.

हे वाटताना मला पावसाळ्यात रायगडात रस्त्याकडेला पानांवर अळंबी मांडून बसणाऱ्या कातकरी बायका आठवल्या. कुठल्या वारुळावर कधी उगवते, कुठली खायची, कुठलीला हात लावायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आपण भाव करतो आणि निघतो. त्या ज्ञानाला आपण कधी ज्ञान म्हटलंय?

१८६८ ते १८८८, वीस वर्षं खपून मेरीने ‘मेरीलँडच्या बुरशी’ (अळंबी ही बुरशीच) हा ग्रंथ सिद्ध केला. १७५ जलरंगचित्रं. छापणारं कुणी मिळालं नाही. १८९० मध्ये तिने ते हस्तलिखित अल्बनीला चार्ल्स पेक यांच्याकडे पाठवून दिलं. पेक हे न्यूयॉर्क राज्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ, तिच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करणारे. ग्रंथ त्यांनाच अर्पण केलेला. पाठवताना तिने लिहिलं की, जिवलग मैत्रिणीचा निरोप घेतल्यासारखं वाटतंय, पण जिथे कदर होईल अशा सुरक्षित जागी तो ठेवायचाय.

तो सुमारे ९० वर्षं संग्रहालयाच्या खणात पडून राहिला. अंधारात असल्यामुळे रंग मात्र आजही ताजे आहेत. १९०३ मध्ये ती वारली, ग्रंथ छापलेला न पाहताच.

पेक यांनी एका बुरशीला तिचं नाव दिलं होतं, हायपोमायसिस बॅनिंगी. ती दुसऱ्या अळंबीच्या अंगावर वाढते. पुढच्या वेळी रानात गेले की शोधणार आहे.