डिस्चार्ज कार्डवर नसलेली ओळ

दादाच्या डोक्याला मार लागला त्याला आता तीन वर्षं होतील. डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, ते उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण डिस्चार्ज कार्डवर काय होतं? फिट येऊ नये म्हणून गोळ्या, टाके कधी काढायचे ते, आणि पुढची तारीख. रिहॅबबद्दल, म्हणजे इजेनंतर रोजचं जगणं पुन्हा जमावं म्हणून लागणाऱ्या थेरपीबद्दल, एक ओळ नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. चालतोय, बोलतोय, सगळ्यांना ओळखतोय, म्हणजे झाला बरा!

घरी आल्यावर चौथ्या दिवशी दादा बेसिनपाशी उभा. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात पेस्टची ट्यूब. दहा मिनिटं झाली तरी तसाच. हातांना काहीही झालेलं नव्हतं. आधी झाकण, मग पेस्ट, मग ब्रश तोंडात, हा क्रमच त्याला लागत नव्हता. वहिनीनं ट्यूब घ्यायला हात पुढे केला तर तो तिच्यावर ओरडला. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस.

ग्लासगो कोमा स्केल १९७४ पासून वापरात आहे. ३ ते १५ गुण. घरी सोडताना दादाला १५ पैकी १५ होते. पण ते स्केल माणूस किती शुद्धीवर आहे एवढंच मोजतं: डोळे उघडतो का, नीट उत्तर देतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का. दात घासता येतात का, हे त्यात कुठेच नाही. एखादं काम सुरू करणं, पायरीपायरीनं शेवटाला नेणं, राग आवरणं हे बरंचसं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. तिथली इजा कितीदा सीटी स्कॅनमध्येही दिसत नाही. आणि खुद्द पेशंटलाच आपलं काही बिघडलंय हे उमगत नसेल, तर तो उपचार मागणार कसा?

सात महिने आम्ही त्याला आळशी म्हणत राहिलो. हे लिहिताना आजही पोटात तुटतं.

मग कुणीतरी ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या थेरपिस्टचं, नाव सुचवलं. तिनं आरशावर चार कागद चिकटवले, एकेका पायरीचा एक. रोज तीच वेळ, तोच क्रम. जमायला लागलं तसा एकेक कागद काढत गेली. दीड महिन्यात दादा आपला आपण दात घासू लागला. फिजिओ आम्हाला माहीत होते. पण स्पीच थेरपिस्ट गिळण्यावरही काम करतात, आठवण आणि लक्ष यांच्यासाठी न्यूरोसायकॉलॉजिस्ट असतात, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये 'रिहॅबिलिटेशन २०३०' सुरू केलं, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं त्यावर ठरावही केला. तरी काही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गरज असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांपर्यंत रिहॅब पोचत नाही, असं हीच संघटना सांगते. आमच्या विम्यानं ऑपरेशनचे पैसे दिले, थेरपीचे नाही. ज्याच्या घरात रोज सोबत जायला माणूस मोकळा नाही, त्यानं काय करायचं? जीव वाचवणं हा उपचार आणि तो जीव जगता करणं ही घरच्यांची हौस, असं धरून चालणं मला साफ चुकीचं वाटतं.

तुमचं माणूस आत्ता वॉर्डात असेल तर घरी नेण्याआधी थेरपिस्टकडून तपासणी मागा. कपडे घालणं, दात घासणं, औषध लक्षात ठेवणं, सगळं त्यांच्यासमोर करून बघा. आणि रिहॅब कुठे, कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, हे कार्डवर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. महिने उलटून गेले असतील तरी जा. आम्ही सात महिन्यांनी गेलो होतो.