बिनयूचा क्यू

भाच्याने मामा बनवला याचं दुःख नाही, भाचे असतातच त्यासाठी. दुःख याचं की तो अकरा वर्षांचा आहे आणि मी गेली बावीस वर्षं इंग्रजीत पत्रं लिहून पोट भरतोय.

रविवारी ताईकडे ठाण्याला जेवून जरा लवंडायचा बेत होता. पोराने स्क्रॅबल काढलं, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या बोर्डावर लावून शब्द जुळवायचा खेळ. अर्धा डाव बरा गेला आणि मग पिशवीतून माझ्या हाती क्यू आला. शंभर सोंगट्यांत क्यू एकच. यू चार असतात, त्यातले तीन बोर्डावर लागून गेलेले, चौथा कुठे दडला होता देव जाणे.

मी कपाळावर हात मारला तो नेमका माईंनी पाहिला. माई म्हणजे ताईच्या सासूबाई. खिडकीशी पावटे सोलत बसल्या होत्या.

"काय अडलं?"

"क्यू आलाय माई. त्याच्यापुढे यू लागतो, आणि यू नाहीये."

"मग पोराकडे माग की. विरजण संपलं तर आपण शेजारून आणतो ना?"

"तसं चालत नाही हो."

"बरं, मग के घे."

"के कसा घेऊ? क्यू आलाय."

"अरे, भेंड्यांत ळ आला की आपण ल घेतोच ना? ळवरून कुठलं गाणं आहे का? तसं क्यूवरून के घ्यायचा. त्यात काय एवढं!" पावट्याचं एक टरफल माझ्या दिशेने आलं.

भाचा खो-खो हसत होता. मी समजावून सांगितलं की प्रत्येक अक्षराला गुण असतात, क्यूला दहा आणि ए, ई, आय यांना एकेक. माईंचे हात थांबले.

"रोज राबतात त्यांना एक आणि हा बिनकामाचा, त्याला दहा? आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखंच झालं."

त्यांचं चुकत नव्हतं. 1930च्या दशकातल्या मंदीत आल्फ्रेड बट्स नावाचा एक अमेरिकन आर्किटेक्ट बेकार झाला. तो वर्तमानपत्रं समोर घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला आणि त्यावरून हे गुण ठरवले. जो जास्त दिसतो तो स्वस्त. हे सांगितल्यावर माई एवढंच म्हणाल्या, "बायकोने बरं मोजू दिलं."

मग त्या चष्मा लावून, पावट्यांची परात घेऊन माझ्या शेजारीच येऊन बसल्या. "हे काय, ए ना?" बोर्डावर एक ए एकटाच लोंबत होता. "आणि तुझ्याकडे आय आहे. ए आणि आय, आई! लाव."

"माई, ते मराठी झालं."

"आई सगळीकडे आई असते. लाव म्हणते ना!"

मी लावला. नाही कसं म्हणणार, नुकतंच त्यांच्या हातचं जेवलो होतो. पोराने मोबाइलवर तपासलं आणि किंचाळला, "मामा, चालतं! ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ!" दक्षिण अमेरिकेतला एक आळशी प्राणी, जो दिवसभर झाडाला उलटा लटकतो. हे माईंना सांगायची हिंमत आमच्यात कुणाचीच नव्हती. त्या तृप्त मनाने परत पावट्यांकडे वळल्या. मला मिळाले दोन गुण.

डाव संपला तेव्हा क्यू माझ्याच हातात. त्याचे दहा मला वजा, वर तेच दहा पोराला अधिक. मी चौदा गुणांनी हरलो. सोंगट्या आवरताना साहेब म्हणाले, "मामा, तुझ्याकडे आय होता तेव्हा क्यू-आय का नाही लावलंस?"

"म्हणजे काय?"

"माहीत नाही. पण चालतं."

माझं डोकं फिरलं ते इथे. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा बाईंनी हातात पट्टी घेऊन शिकवलं होतं की क्यूच्या पाठोपाठ यू आलाच पाहिजे. क्वीन, क्वेश्चन, क्विक. एकदा यू विसरलो तर तळहातावर वळ उठला होता. आणि आता हा पोरगा सांगतो, यू नसला तरी चालतं, अर्थ नसला तरी चालतं! न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने तर 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, फ्रेंच बोलता येत नसताना. नुसते शब्द पाठ करून. आम्ही अर्थ, वाक्यात उपयोग, विरुद्धार्थी, सगळं घोकलं आणि बसलो वळ चोळत.

सोमवारी लोकलमध्ये पोराचा मेसेज आला. बिनयूच्या क्यूचे शब्द: तलाक, निकाब, फकीर. सगळे म्हणे इंग्रजी! फकीर हा शब्द मला तिसरीपासून येतो, फक्त तो इंग्रजी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मी स्पेलिंग बघितलं. एफ, ए, क्यू, आय, आर. आणि मग रविवारची माझी सोंगट्यांची पट्टी डोळ्यांपुढे आली. एफ होता. ए होता. आर होता. क्यू तर होताच. आयची आई केली नसती तर सतरा गुण, क्यूही खपला असता.

रात्री ताईचा फोन आला. बोलता बोलता मागून आवाज आला, "दे इकडे," आणि मग फोनवर माई.

"काय रे, सापडला का तुझा यू?"