ताई, घड्याळ घ्या. वेळ बघू नका

यंदा द्राक्षाचा माल एक्स्पोर्टला लागला असेल किंवा नाशिकच्या गंगापूर रोडचा फ्लॅट चांगल्या भावात गेला असेल, तर ताई, आता सोनं पुरे. सराफ बाजारातलं सोनं कुणीही डोळ्यांनी तोलतं. स्टीलच्या घड्याळाला लाखो रुपये मोजलेत हे मात्र समोरच्याला आपणहून कळत नाही, ते कळवावं लागतं.

त्यासाठी रोलेक्सची लेडी-डेटजस्ट उत्तम. घड्याळ २८ मिलिमीटरचं, एवढंसं. पण तारखेवर भिंग असतं, ते आकडा अडीचपट मोठा दाखवतं. आपल्याला तारीख मोबाईलवर दिसतेच, भिंग जाऊबाईंसाठी आहे. हळदीकुंकवाला वाण उजव्या हातानं द्यायचं असतं, तेव्हा घड्याळही त्याच हातात बांधा आणि वाण जरा सावकाश सोडा. अर्थात पैसे टाकले आणि घड्याळ मिळालं असं समजू नका. दुकानदार नाव लिहून घेतो आणि ‘कळवतो’ म्हणतो. सासूबाईंनी गॅसच्या कनेक्शनसाठी नंबर लावला होता, तसंच हे.

नोटा आपल्याच नाशिकरोडला छापतात म्हणून रोख रक्कम घेऊन मात्र निघू नका. दोन लाख आणि त्यावर रोखीचा व्यवहार चालत नाही. किंमत दहा लाखांच्या वर गेली, तर एप्रिल २०२५ पासून दुकानदार एक टक्का कर तुमच्या पॅनवर जमा करतो. म्हणजे शेजारणीच्या आधी प्राप्तिकर खात्याला कळतं. कुणाला तरी कळलं, हेही नसे थोडके.

रोलेक्स फार लोकांकडे दिसायला लागली असेल तर कार्तिएचं टँक बघा. लुई कार्तिएला १९१७ साली रेनो कंपनीच्या रणगाड्यावरून ते सुचलं म्हणतात. देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्यांना रणगाड्याचं काय कौतुक, पण मनगटावर शोभतो. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांना सेकंदकाटा नाही. सेकंदाची फिकीर पंचवटी एक्स्प्रेसच्या पासवाल्यांनी करावी.

घड्याळातलं मशीन हा विषय घरातल्या पुरुषांनी काढलाच, तर त्यांना ऐकवा की मनगटी घड्याळ मुळात बायकांचं. ब्रेगेनं १८१० साली नेपल्सच्या राणीसाठी करायला घेतलं, पाटेक फिलिपनं १८६८ मध्ये हंगेरीच्या एका काउंटेससाठी. पुरुष तेव्हा खिशात साखळीचं घड्याळ बाळगत आणि मनगटावरच्याला बांगडी म्हणून नाकं मुरडत. पहिल्या महायुद्धात खंदकात खिसे चाचपायला सवड होईना, तेव्हा मुकाट्यानं तीच बांगडी चढवली. चढवली ती चढवली, वर तिच्यावर हक्कही सांगितला. मग वाटणी झाली: स्प्रिंगा, दातेरी चाकं, चंद्राच्या कला त्यांच्याकडे, आपल्याकडे हिरे आणि बॅटरीचा सेल. पाटेकनं १९९९ साली खास बायकांसाठी ट्वेंटी-फोर काढलं, तेही सेलवरच. सेलवरच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. लाखांच्या घड्याळात तेवढाच आणि मेन रोडवर तीनशेला मिळणाऱ्यातही तेवढाच. ही शेवटची गोष्ट मात्र घरी बोलू नका.

मागच्या बाजूला ‘३० मीटर’ कोरलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. एवढ्या पाण्यात गोदेच्या पुराची उंची दाखवणारा दुतोंड्या मारुती कधीच गडप होईल, पण घड्याळ रामकुंडातली एक डुबकीही सोसत नाही. त्या ३० मीटरचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे, इतकाच. भांडी न घासायला मात्र सबब चांगली आहे. चालली तर बघा.

एवढं झाल्यावर घड्याळ ठेवायचं कुठे? लॉकरमध्ये. घरात कामाला माणसं येतात, बसमध्ये गर्दी असते, शिवाय ओरखडा पडला तर ‘तरी मी सांगत होतो’ हे वाक्य तयारच असतं. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं चावी बसणारी लेडी-डेटजस्ट हातातून काढल्यावर साधारण ५५ तास चालते आणि मग थांबते. पुढच्या लग्नाला बँकेतून काढाल तेव्हा घड्याळ मागच्या लग्नानंतरच्या कुठल्यातरी तारखेवर असेल. ते जुळवत बसू नका. मुहूर्त गुरुजी सांगतात, आणि साडी काय नेसायची हे घड्याळाच्या पट्ट्यावरून आधीच ठरलेलं असतं.

रोज वापरायचंच असा हट्ट असेल, तर जेजर-लकूल्त्रचं रिव्हर्सो घ्या. हिंदुस्थानात पोलो खेळताना इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा फुटत, म्हणून १९३१ साली तबकडी उलटी फिरवून झाकायची सोय त्यात केली. पोलो आपण खेळत नाही, पण भाजी आणतो. मेथीच्या जुडीचा भाव विचारण्याआधी तबकडी आत फिरवा, वर नुसतं कोरं स्टील राहू द्या. घासाघीस करताना हातवारे बेताचे ठेवा. आणि जुडी पिशवीत पडून सुट्टे पैसे हातात येईपर्यंत तबकडी सुलटी करू नका. भाजीवाल्या मावशींची नजर जाऊबाईंपेक्षा तेज असते.