"काकू, ते असेट आहे"

आज सकाळी एका मुलानं मला फोनवर सांगितलं, "काकू, तुमच्यासाठी ते नाणं असेल, माझ्यासाठी असेट आहे." तेव्हापासून डोकं भणभणतंय. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा गिचका झाला आणि आमच्या ह्यांनी नुसतं "काय झालं?" विचारलं तर त्यांच्यावरच खेकसले. म्हटलं, इथं लिहून मोकळं व्हावं. इथली नाणी जमवणारी माणसं तरी आपली आहेत, मी काय म्हणतेय ते तुम्हाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

गोष्ट १९३९ च्या रुपयाची आहे. सहाव्या जॉर्जचा, मुंबई टाकसाळीचा, खालच्या बाजूला टाकसाळीचा बारीक ठिपका असलेला. माझ्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांनी ह्याबद्दल इतकं ऐकलंय की आता ते विषय बदलतात. पण नव्यांसाठी सांगते. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीनं रुपयाचं वजन ठरवलं, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. राणी आली, एडवर्ड आला, पाचवा जॉर्ज आला, सगळ्यांनी ते पाळलं. ते पाळणारा शेवटचा रुपया म्हणजे हा १९३९ चा. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली, बाकी ४० टक्के तांबं आणि निकेल, जस्त पाच-पाच टक्के. १९४७ ला तर चांदी पुरतीच संपली, नुसतं निकेल आणि मागे वाघ. मधल्या काळात युद्ध पेटलेलं, लोकांनी रुपये दाबून ठेवलेले, सरकारनं एक रुपयाची नोट काढलेली आणि जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं परत बोलावून वितळवायला सुरुवात केलेली. १९३९ चा रुपया मुळात बाहेर पडला थोडा, पडला त्यातला बहुतेक मुशीत गेला. म्हणून आज तो मिळत नाही. १९३८ चा हवा तेवढा मिळतो, आणि त्यातल्या ८ ची खालची डावी बाजू कोरून ९ करून विकणारे महाभागही हवे तेवढे मिळतात.

तर असा एक अस्सल रुपया आमच्या गावातल्या सराफ अण्णांकडे होता.

आई पाटल्या उजळायला न्यायची तेव्हा मी तिच्या पदराला धरून जायची. गादीवर बसून कंटाळले की अण्णा गल्ल्याच्या मागच्या कप्प्यातून कापडी बटवा काढायचे. त्यांच्या वडिलांच्या दुकानात लोक चांदीचे रुपये आटवायला आणायचे, तेव्हा वडिलांनी साल बघून हा एक बाजूला काढलेला. अस्सल की नकली बघायला त्यांनी त्याच्या कडेवर कानशीनं एक रेघ मारली होती, तीन-चार दातांवरून तिरकी गेलेली. अण्णा रुपया माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "कडेनं धर गं पोरी, तोंडाला बोट लावायचं नाही." मग नख त्या रेघेवरून फिरवायला सांगायचे. दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला हे असं. कोणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. एकदा एकानं तो फरशीवर पाडला, तर अण्णा म्हणाले, "बघ, कसा वाजला! अर्ध्या चांदीचा असा वाजत नाही."

मी नाणी जमवायला लागले ती त्या आवाजामुळे. शाळेत गणित शिकवलं, संसार केला, पगारातून जमेल तेवढं घेतलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फरशीवर मांडलेल्या तांब्याच्या ढिगातून दुदांडी शिवराया, म्हणजे मराठ्यांची तांब्याची नाणी, वेचल्या. पाचव्या जॉर्जचा १९११ चा तो डुक्कर रुपयाही आहे माझ्याकडे, ज्याच्यावरच्या हत्तीची सोंड लोकांना डुकराच्या तोंडासारखी दिसली आणि बोंब झाली म्हणून सरकारला पुढच्या वर्षी हत्ती नव्यानं घडवावा लागला. सगळं झालं. १९३९ चा तेवढा नाही.

अण्णा गेले. नातवंडांनी दुकान विकलं आणि रुपया मुंबईच्या एका लिलावात दिला. त्यांना मी बोल लावणार नाही, प्रत्येकाची गरज असते. कॅटलॉगमध्ये त्या लॉटच्या, म्हणजे बोलीला काढलेल्या त्या नाण्याच्या, वर्णनात "कडेवर कानशीची खूण" वाचलं आणि माझे हात गार पडले. प्रत्यक्ष जाणं शक्य नव्हतं म्हणून आगाऊ बोली मेलनं पाठवली. माझ्या ऐपतीपेक्षा जास्तच लिहिली होती आणि ह्यांना आकडा सांगितला नव्हता (आता इथं वाचतील). लिलाव झाला. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणे, "मॅडम, तुमची बोली नोंदवायची राहून गेली." राहून गेली! आणि लॉट सुटला कितीला? माझ्या बोलीच्या खाली! दोन रात्री मला झोप नव्हती. कोणी घेतला विचारलं तर सांगता येत नाही म्हणाले. बरोबर आहे, घरात मौल्यवान नाणं आहे हे चारचौघांत फुटलं तर उद्या चोर दारात, एवढं मलाही कळतं. पण बोली विसरणाऱ्यांनी मला नियम शिकवावेत?

मग शोध. नाणेवाल्यांच्या जगात काही लपत नाही, फक्त तुम्हाला प्रदर्शनांमध्ये टेबलाटेबलावर चहा प्यायची तयारी लागते. पुण्याच्या प्रदर्शनात एकजण म्हणाला, माल फोर्टातल्या एका व्यापाऱ्याकडे गेला होता. फोर्टातला म्हणाला, आठवड्यात हललं. मध्ये एकानं मला तोच म्हणून दुसराच रुपया दाखवला. भिंग लावलं तर ९ च्या पोटाखाली कोरल्याची चकाकी. त्याला मी काय बोलले ते इथं लिहित नाही. शेवटी एका ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला, कडक प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद केलेला रुपया, वर ग्रेडिंगची, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवल्याची, चिठ्ठी, आणि राजाच्या मानेमागचा तो काळसर डाग. ओळखायला मला कड दिसायची गरजच पडली नाही. डाग मी पाठ केलेला आहे. मालक ठाण्याचा, ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळाला.

आज सकाळचा फोन तो.

मला विकत नकोय, हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं. तेवढे पैसे आता नाहीतही, पोरीच्या घराला दिले. म्हटलं, मी ठाण्याला येते, दहा मिनिटं बघते, स्लॅबमधून काढूसुद्धा नकोस बाळा, नुसतं हातात दे. तर म्हणे लॉकरमध्ये आहे. म्हटलं लॉकर उघडशील त्या दिवशी येते. तर म्हणे, काकू, मी काही ते बघायला घेतलं नाही, असेट आहे, काही वर्षं ठेवून बाहेर विकणार.

बाहेर म्हणजे परदेशात. आणि विकू शकतो बरं का! पुरावस्तू कायदा शंभर वर्षांच्या पुढच्या वस्तूंना अडवतो. ह्या रुपयाला शंभर व्हायला २०३९ उजाडेल. तोवर त्या कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

आता मला सांगा, वितळवलेल्या रुपयात आणि ह्या रुपयात फरक काय राहिला? तेव्हा सरकारनं मुशीत घातले, आता हे लॉकरमध्ये घालतात. कोणी बघणार नाही, कोणी वाजवणार नाही, कोणाच्या पोराला "कडेनं धर" म्हणणार नाही. नुसता एक आकडा, दर वर्षी थोडा वाढलेला. अरे मग सोन्याचे बाँड घ्या ना, फ्लॅट घ्या, शेअर घ्या! ज्याचे मोजके शिल्लक राहिलेत तेच कशाला घेता? होनाचंही तेच झालंय. महाराजांचा सोन्याचा होन, एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". आपल्यातल्या किती जणांनी तो फोटोबाहेर पाहिलाय? ज्यांच्याकडे आहे ते बोलत नाहीत, आणि आपण सहा जूनला प्रतिकृतीचे फोटो एकमेकांना पाठवतो.

हो, त्याचे पैसे आहेत, त्याचं नाणं आहे. मान्य. आणि हो, हात लागून लागून नाणी झिजतात, स्लॅबमध्ये टिकतात, तेही मान्य. संग्रहालयात तरी काय, काचेआडूनच बघतो की. पण तिथं बघतो तरी! रिझर्व्ह बँकेचं फोर्टातलं म्युझियम बघायला मी शाळेची मुलं नेली होती, एका पोरानं काचेला नाक लावून लावून डाग पाडला होता, तिथला शिपाई पुसत होता आणि हसत होता. अण्णांच्या दुकानात काचही नव्हती. असो.

ह्या मुलाबद्दल अजून एक सांगायचंय. लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय म्हणून सांगते, मघाशी सांगितलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या. फोन ठेवायच्या आधी मी म्हटलं, निदान ती रेघ तरी बघ, वरच्या बाजूला, तिरकी आहे. तर तो गप्प झाला. मग म्हणाला, "कसली रेघ?"

स्लॅबमध्ये कड नीट दिसत नाही. कॅटलॉग त्यानं वाचलेला नव्हता, त्यानं व्यापाऱ्याकडून घेतलेलं. मी सगळं सांगितलं, अण्णांचे वडील, कानस, मूस, फरशीवर वाजलेला आवाज. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं पोरगं विरघळलं. आणि मग काय विचारावं? "म्हणजे काकू, नाणं डॅमेज आहे का? व्हॅल्यू कमी होईल का?"

मी फोन ठेवला. तेव्हा संतापाने ठेवला. आता वाटतंय, त्याचाही आवाज घाबरल्यासारखाच होता. माझ्या धाकट्याच्या वयाचा असेल, ईएमआय असतील, कोणीतरी सांगितलं असेल की नाण्यात पैसे दुप्पट होतात. रोज ते व्हिडिओ फिरतातच, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, दहा लाख घ्या. रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये लोकांना सावध करावं लागलं, की जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीसाठी आमच्या नावानं कोणी कमिशन मागितलं तर देऊ नका. अशा हवेत वाढलेल्या पोराला अण्णा भेटायचे कुठून? पण मग त्यानं हे घ्यावंच का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाहीये. जाऊ दे. परत चिडायला लागले मी.

ज्यांच्याकडे दाखवण्यासारखं काही आहे त्यांनी रविवारी चारनंतर आमच्याकडे या. चहा आणि भडंग नक्की. १९३९ चा असेल तर उत्तम, ८ चा ९ केलेला असला तरी आणा, भिंग आहे, मन मोडेल पण फसवणूक कळेल. पोरांना घेऊन या. हात धुवून यायला सांगा.

आणि ठाण्याच्या त्या मुलाला ओळखणारं इथं कोणी असेल तर त्याच्यावर तुटून पडू नका. त्याला एवढंच सांगा की रेघेनं व्हॅल्यू किती कमी होते ते मी त्याला खरंखरं सांगेन, पण नाणं समोर ठेवून. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी बँका उघड्या असतात, आणि कोयना एक्स्प्रेसचं आरक्षण अजून मिळतंय.